माडीवर कोण राहतं?

दिवाळी चार दिवसांवर आली की लक्ष्मी रोडवर संध्याकाळी सातला पाय ठेवायला जागा नसते. कुंटे चौकात साड्यांच्या दुकानांच्या पायऱ्यांवर पिशव्या राखत बसलेले नवरे, फुटपाथवर पणत्या आणि रांगोळीचे छाप मांडून बसलेल्या बाया, त्यातून वाट काढणारी, पुढ्यात चार खोकी रचलेली स्कूटर, आणि सगळ्यांच्या डोक्यावर दुकानांच्या पाट्यांचा पांढराफेक उजेड. गेल्या वर्षी त्या गर्दीत धक्के खात मी पाट्यांच्या वर बघत उभी होते. दुकानांत आकाशकंदील शेकड्यांनी टांगलेले: कापडी, कागदी, बांबूचे. त्याच इमारतींच्या दुसऱ्या-तिसऱ्या मजल्यांवर मात्र कंदील बोटांवर मोजावे लागत होते. एका सज्जात पिंपळ उगवलेला. एका खिडकीला आतून पुठ्ठ्याची खोकी अशी भिडलेली की त्यांच्यावरचं कंपनीचं नाव रस्त्यावरून वाचता येत होतं. शेजारच्या खिडकीच्या जागी एसीची तीन यंत्रं, खालच्या दुकानाची. त्याच्या पुढच्या खिडकीत ट्यूबलाइट, दोरीवर वाळत घातलेली नऊवारी आणि एक साधा चौकोनी कंदील.

संपादकांचा विषय होता, शहराचा जुना मध्यभाग पुन्हा उभा कसा करायचा. अमेरिकेतल्या डेट्रॉइटसारख्या शहराबद्दल असं बोलतात तेव्हा चित्र सरळ असतं. माणसं मोटारीत बसून उपनगरांत गेली, त्यांच्या मागोमाग दुकानं गेली आणि मधले रस्ते ओस पडले. पुण्याच्या पेठांना हे माप बसत नाही. इथली दुकानं कुठेही गेलेली नाहीत. तुळशीबागेत उभं राहायला जागा नाही, बोहरी आळीत हातगाडी वळत नाही, अप्पा बळवंत चौकात जूनमध्ये वह्या-पुस्तकांसाठी रांगा लागतात. पेठेचा तळमजला ठणठणीत आहे. उठून गेला आहे तो वरचा मजला. सुशोभीकरणाची जी संकल्पचित्रं पेपरात छापून येतात, त्यांत दगडी फरशी असते, जुन्या पद्धतीचे दिव्याचे खांब असतात, हसऱ्या चेहऱ्याची माणसं चालत असतात. वरच्या खिडक्यांमागे कोण आहे, हे त्या चित्रांत कधी दिसत नाही.

फेब्रुवारी २०२३ मध्ये कसब्याची पोटनिवडणूक झाली, तेव्हा कार्यकर्त्यांना हे चांगलं कळलं. मतदार शोधायला त्यांना कोथरूड, सिंहगड रोड, धनकवडी पालथी घालावी लागली. नाव यादीत शुक्रवार पेठेत, माणूस वडगावात.

खण, माडी, चौक

पावसाळ्यात शुक्रवार पेठेतल्या एका वाड्यात गेले. दर्शनी भिंत बरी, कारण तिच्यात दोन दुकानं आहेत. दिंडीतून वाकून आत शिरलं की फरसबंद चौक, चौकात आड, आडावर लोखंडी जाळी आणि जाळीवर लावलेली मोटारसायकल. चारी बाजूंना लाकडी खांब. दोन खांबांमधलं अंतर म्हणजे एक खण. जुने भाडेकरू अजून जागा खणांतच सांगतात: आमची दोन खणांची खोली, त्यांची तीन खणांची. दगडी जोतं, त्यावर वीट, माथ्यावर कडीपाट आणि कडीपाटावर माती. एका कोपऱ्यातली तुळई वाळवीने पोखरलेली, तिला लोखंडी चॅनेलचा टेकू. टेकूशेजारी महापालिकेची नोटीस. पावसाळ्याच्या तोंडावर दर वर्षी अशा धोकादायक वाड्यांची यादी निघते. अतिधोकादायक तो ‘सी-वन’, त्याखाली ‘सी-टू’ आणि ‘सी-थ्री’. वाड्यातल्या बायकाही आता आपला वाडा कुठल्या ‘सी’त आहे ते पटकन सांगतात.

रस्त्याला लागून दुकान, त्याच्या पाठीला कारखाना किंवा कोठार, माडीवर मालक, चौकाच्या कडेने भाडेकरूंची बिऱ्हाडं. पेठेतल्या बहुतेक वाड्यांची हीच मांडणी. खालचा धंदा आणि वरचा संसार एकमेकांवर नजर ठेवून असत. दुकानदार जेवायला वर जाई, शाळेतून आलेलं पोर आईला निरोप द्यायचा तर खाली गल्ल्यावर देई. सार्वजनिक इमारतीही याच वळणाच्या होत्या. पूर्वी शनिवारवाड्यासमोरच्या पटांगणात उघड्यावर भरणारी मंडई १८८६ मध्ये आजच्या अष्टकोनी मनोऱ्याच्या इमारतीत आली. लष्करी अभियंता वॉल्टर ड्युकॅटने आराखडा केला, वासुदेव बापूजी कानिटकरांनी ती बांधली. खाली भाजी आणि वर नगरपालिकेची कचेरी, असा तिचा कारभार कैक वर्षं चालला. नगरपालिकेचे सभासद असताना जोतीराव फुल्यांनी जिच्या खर्चाला विरोध केला होता, त्याच इमारतीला पुढे त्यांचं नाव मिळालं. तिला आधी दिलेलं गव्हर्नर लॉर्ड रे याचं नाव आता कोणाच्या ओठावरही येत नाही.

जुन्या वाड्यांवर गहिवरून लिहिणाऱ्यांनी एकदा सकाळी साडेसहाला सामाईक संडासाच्या रांगेत उभं राहून बघावं. तिसऱ्या मजल्यावर पाण्याच्या कळशा चढवणाऱ्या बाईला वाड्याच्या वास्तुशैलीचं कौतुक नव्हतं. लोक गेले ते उगाच गेले नाहीत. १२ जुलै १९६१ ला पानशेत धरण फुटलं, नदीकाठच्या शनिवार, नारायण, कसबा पेठांत पाणी शिरलं आणि मातीत बांधलेल्या भिंती ढेकळांसारख्या विरघळल्या. पूरग्रस्तांसाठी गोखलेनगरसारख्या वसाहती उभ्या राहिल्या. गावाबाहेर राहून जगता येतं, हे त्या पुराने हजारो कुटुंबांना शिकवलं. पुढच्या दोन पिढ्यांत बँकेचं किंवा विमा कंपनीचं कर्ज मिळालेला प्रत्येक जण स्वतःच्या संडास-बाथरूमच्या ब्लॉकसाठी कोथरूडच्या, सहकारनगरच्या दिशेने निघाला. घाऊक भाजी आणि भुसार गुलटेकडीच्या मार्केट यार्डात गेलं, त्यांच्यासोबत हमाल, तोलणार आणि आडतीवरचे कारकूनही गेले. जाणाऱ्यांनी खोली मात्र सोडली नाही. कुलूप लावलं आणि किल्ली खिशात ठेवली.

वीस रुपयांची पावती

ती किल्ली खिशात का राहिली, हे भाड्याच्या पावतीवर कळतं. १९४७ च्या मुंबई भाडे कायद्याने भाडं १ सप्टेंबर १९४० च्या पातळीवर बांधून टाकलं होतं. युद्धानंतरच्या टंचाईत ते योग्यच होतं. ही तात्पुरती मलमपट्टी अर्धशतकाहून जास्त टिकली. ३१ मार्च २००० पासून लागू झालेल्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याने पायरी थोडी पुढे सरकवली. १ ऑक्टोबर १९८७ चं भाडं, त्यावर पाच टक्के, आणि पुढे वर्षाला चार टक्के वाढ. आता हिशोब मांडू. १९८७ मध्ये दोन खणांना महिना वीस रुपये पडत असतील, तर हे सगळं चढवूनही आजचं भाडं साठीच्या आत राहतं. साठ धरा. वर्षाचे झाले ७२०. घरमालक दुरुस्ती करत नसेल तर नोटीस देऊन ती भाडेकरूने करावी आणि खर्च भाड्यातून वळता करावा, अशी सोय कायद्यात आहे. पण एका वर्षात वळता करायचा तो भाड्याच्या चौथाईपर्यंतच. म्हणजे १८० रुपये. एवढ्यात कौलं शाकारायला आलेल्या माणसाचा चहा-नाश्ता होईल.

तुळई तशीच राहते ती यामुळे. मालकाला परवडत नाही, भाडेकरूने करावी तर जागा त्याची नाही. दोघांच्या मनात एकच हिशोब असतो, फक्त उलट्या दिशेने. वाडा पडला तर जागा मोकळी होईल असं मालकाला वाटतं, आणि वाडा पडेपर्यंत आपण हललो नाही तर आपल्याला काहीतरी मिळेल असं भाडेकरूला. मग मालक भाडं घ्यायचं नाकारतो, भाडेकरू ते मनीऑर्डरने पाठवतो, मनीऑर्डर परत येते, प्रकरण लघुवाद न्यायालयात जातं आणि वडिलांच्या नावाने सुरू झालेला दावा मुलगा चालवतो. मुंबईच्या जुन्या शहरातल्या चाळींसाठी निदान दुरुस्ती मंडळ आहे. १९६९ च्या कायद्याने तिथल्या इमारतींवर उपकर बसवला आणि त्या पैशातून डागडुजीची सोय केली. पुण्याच्या वाड्याला असं काही कधी मिळालं नाही. त्याला फक्त नोटीस मिळते.

एवढ्या वर्षांत बंद खोलीचं काय होतं? तिला खालून गिऱ्हाईक येतं. दुकानदाराला माल ठेवायला जागा हवी असते. तो वरच्या भाडेकरूशी बोलणी करतो, मालकाचा वाटा देतो, आणि आतून एक लोखंडी शिडी काढून छताला भोक पाडतो. आता बाहेरच्या जिन्याची त्याला गरज उरत नाही. लक्ष्मी रोडवर दोन दुकानांच्या मधल्या फटीकडे नीट बघितलं तर हे जिने सापडतात. अडीच फुटांचं बोळकांड, दोन्ही भिंतींना हूक, हुकांना पर्सेस आणि लहान मुलांचे फ्रॉक टांगलेले. फ्रॉक बाजूला सारून मी एका जिन्याने वर गेले. पायऱ्यांवर हँगरचे गठ्ठे, वळणावर विजेच्या मीटरची ओळ. अकरा मीटर होते. त्यातले फिरत होते तीन. वर राहणाऱ्या आजी म्हणाल्या, रात्री नऊनंतर आणि सकाळी दहाच्या आधी जिना आमचा, मधल्या वेळात त्यांचा. पाहुणा येणार असेल तर आधी दुकानात फोन करून सांगावं लागतं.

माझ्या मते पेठेची तब्येत बघायची असेल तर पहिल्यांदा हे जिने मोजावेत. रस्त्यावर उघडणारा जिना दुकानाने गिळला की वरचा मजला संसारासाठी कायमचा संपतो. मग कायदा बदला, दिवे लावा, काहीही करा.

कॉट आणि कारागीर

सगळ्या माड्या काही रिकाम्या नाहीत. सदाशिव आणि नारायण पेठेत रात्री अकरा वाजता गेलात तर वरच्या खिडक्या लख्ख असतात. स्पर्धा परीक्षांची पोरं. बीड, परभणी, सोलापूर, नंदुरबार, बुलढाणा असा सगळा महाराष्ट्र इथे कॉटवर झोपतो. ‘कॉट बेसिस’ हा आता पेठेतला रुळलेला व्यवहार आहे. दोन खणांच्या खोलीत चार कॉट, दर कॉटमागे महिन्याचे पैसे, संडास बाहेर. जेवण मेसला, अभ्यास अभ्यासिकेत, आंघोळ नंबर लागेल तेव्हा. अभ्यासिका म्हणजे वाड्यातलं जुनं माजघर. तिथे पुठ्ठ्याच्या आडोशांनी विभागलेली टेबलं, प्रत्येकाला एक दिवा, भिंतीवर भारताचा नकाशा. कोरोनाच्या टाळेबंदीत ही पोरं एका रात्रीत गावाला गेली, तेव्हा मेसवाले, झेरॉक्सवाले, चहावाले आणि वर राहिलेल्या म्हाताऱ्या घरमालकिणी, सगळ्यांचीच चूल थंडावली. पेठ कोणाच्या जिवावर चालते ते त्या वेळी उघड झालं.

पूर्वेकडे, सोन्या मारुती चौकाच्या आसपास, माडीवर वेगळी मंडळी राहतात. पश्चिम बंगालहून आलेले सोनार कारागीर. खाली सराफी पेढ्यांचे काचेचे दरवाजे, वर अरुंद खोलीत जमिनीसरशी ठेवलेल्या लाकडी पाटांपुढे मांडी घालून बसलेली आठ-दहा पोरं, प्रत्येकाच्या पुढ्यात गॅसची बारीक ज्योत. तिथेच काम, तिथेच जेवण, तिथेच झोप. झाडलेली धूळही टाकत नाहीत, तिच्यात सोन्याचा कण असतो. खालच्या दिवाळीतल्या दागिन्यांचा मोठा भाग असा वरून खाली येतो.

वाड्याचा पुनर्विकास ठरतो तेव्हा टेबलाशी कोण बसतं ते बघण्यासारखं असतं. मालकाचे वारस, पावती असलेले भाडेकरू, दुकानदार, डेव्हलपर. कॉटवर राहणारा मुलगा आणि पाटावर बसणारा कारागीर तिथे नसतात, कारण त्यांच्या हातात कागद नाही. ज्याच्याकडे पावती आहे तो धायरीला राहतो, आणि जो रोज रात्री तिथे दिवा लावतो त्याचं नाव कुठेच नाही. पेठ जिवंत करायची असं म्हणताना आपण नेमक्या कोणासाठी म्हणतो, हे मला अजून कोणी सांगितलेलं नाही.

सहीचा प्रश्न

पुनर्विकास अडतो तो बहुधा सहीवर. पणजोबांच्या नावचं प्रॉपर्टी कार्ड, चार मुलगे, त्यांची नातवंडं, माहेरवाशिणींचे हक्क. वारसनोंद पूर्ण करायला जन्म जातो. एक वारस न्यू जर्सीत असतो, त्याचं कुलमुखत्यारपत्र यायचं असतं. एक वारस पुण्यातच असतो आणि तो बोलत नसतो. हे सगळं जमलं तरी जागा केवढी? दोन-अडीच गुंठे, अरुंद आणि लांबट, दोन्ही बाजूंना शेजाऱ्याची भिंत. शेजाऱ्याच्या भिंतीपासून अंतर सोडायचं, रस्तारुंदीची रेषा आत आली असेल तेवढी जागा सोडायची, वाहनतळ द्यायचा. चटईक्षेत्र किती मिळणार ते समोरच्या रस्त्याच्या रुंदीवर ठरतं, आणि पेठेतला रस्ता पेशव्यांच्या काळात घोडा आणि पालखी जाईल एवढा आखलेला. डिसेंबर २०२० मध्ये राज्यभरासाठी एकत्रित बांधकाम नियमावली आली, दाट वस्तीसाठी काही सवलती आल्या, तरी छोट्या प्लॉटचं गणित जुळवताना आर्किटेक्टच्या तोंडाला फेस येतो.

जिथे जुळतं तिथे काय उभं राहतं, तेही पाहून घ्यावं. आतल्या गल्ल्यांत नवी इमारत खांबांवर उभी असते. जिथे ओटा होता, ओट्यावर शिंपी किंवा पिठाची गिरणी होती, तिथे लोखंडी गेट आणि चार मोटारी. प्रत्येक नवी इमारत रुंदीकरणाच्या रेषेपर्यंत मागे सरकते, शेजारचा जुना वाडा जागच्या जागी असतो. सलग रुंद रस्ता काही मिळत नाही, मिळतात खाचे. त्या खाच्यांत कचऱ्याचे डबे आणि मोटारसायकली उभ्या राहतात. लिफ्ट आली, घरात संडास आला, ही फार मोठी गोष्ट झाली, आणि ज्याने ती भोगली त्याला ती विचारावी. पण गल्लीच्या तळाशी आता माणूस नाही, वॉचमन आहे.

शनिवारवाड्याच्या भोवती तर हाही मार्ग बंद आहे. संरक्षित स्मारकांच्या कायद्यात २०१० मध्ये दुरुस्ती झाली आणि स्मारकापासून शंभर मीटरांत नवं बांधकाम करायला पूर्ण मनाई आली. त्यापुढच्या दोनशे मीटरांत परवानगी घेऊन बांधता येतं. उघड्या मैदानातल्या लेण्यासाठी किंवा किल्ल्यासाठी हा नियम शहाणपणाचाच आहे. शनिवारवाड्याच्या शंभर मीटरांत मात्र भरवस्ती आहे. १८२८ च्या आगीत जळालेल्या वाड्याची तटबंदी जपण्यासाठी तटाबाहेरचे राहते वाडे एकेक करून कोसळू द्यायचे, असा त्याचा अर्थ होतो. दुरुस्ती परवानगीने करता येते, म्हणतात. पण साठ रुपये भाड्यात दुरुस्ती कशी होते, ते वर आलंच आहे.

पायांचा रस्ता

पुण्याने २०१६ मध्ये पादचारी धोरण स्वीकारलं. ११ डिसेंबर २०२१ पासून वर्षातला एक दिवस लक्ष्मी रोडचा नगरकर तालीम चौक ते गरुड गणपती चौक हा पट्टा वाहनांना बंद करून पादचारी दिन साजरा होऊ लागला. त्या दिवशी रस्त्यावर मुलं चित्रं काढतात, कोणी गातं, ज्येष्ठ नागरिक मधोमध खुर्ची टाकून बसतात. दुकानदारांचे दोन तट असतात. गिऱ्हाईक दारात गाडी लावू शकलं नाही तर ते मॉलला जाईल, असं एक तट म्हणतो. दुसरा म्हणतो, आमच्या दारात गिऱ्हाइकाची गाडी कधी नसतेच, ती शेजारच्या दुकानाच्या नोकराची असते, सकाळी दहापासून रात्री नऊपर्यंत. दुसऱ्या तटाचं म्हणणं मला डोळ्यांनी पटलं. मंडईजवळ महापालिकेचे बहुमजली वाहनतळ आहेत. तिथे पैसे पडतात, रस्त्यावर पडत नाहीत. रस्त्यावरच्या जागेचे पैसे घ्यायचं धोरण २०१८ मध्ये मंजूर झालं आणि वर्षानुवर्षं कागदावरून खाली उतरलं नाही. दोनचाकी हा पुण्यात पक्ष असता तर तो कायम सत्तेत राहिला असता.

मग २९ सप्टेंबर २०२४ ला जिल्हा न्यायालय ते स्वारगेट हा भुयारी मार्ग सुरू झाला आणि कसबा पेठ व मंडई अशी दोन स्थानकं थेट पेठांच्या पोटात उघडली. पिंपरी-चिंचवडचा माणूस आता गाडी न आणता मंडईत वर येतो. २०२५ च्या अनंत चतुर्दशीला मेट्रो रात्रभर धावली. ज्या तरुणांना गावात यायचं म्हणजे अंगावर काटा येई, ते आता शनिवारी सहज चक्कर टाकतात. पायांची संख्या वाढली, हे पेठेसाठी चांगलंच झालं. पण पाय वाढले की तळमजल्याचं भाडं चढतं, भाडं चढलं की दुकानदाराला प्रत्येक इंच विक्रीला हवा असतो, आणि माल आणखी एक मजला वर सरकतो. स्थानकापासून जवळच्या गल्ल्यांत माडीच्या खोल्यांची विचारपूस वाढल्याचं तिथले एजंट सांगतात. राहायला मागणारं त्यांत जवळजवळ कोणी नाही.

दगडूशेठ गणपतीसमोरच्या भिडे वाड्याने हा सगळा प्रकार टोकाला नेऊन दाखवला. १८४८ मध्ये जोतीराव-सावित्रीबाईंनी मुलींची शाळा सुरू केली ती वास्तू. माझ्या पाहण्यातली सगळी वर्षं खाली दुकानं चालू आणि वर पडझड, अशीच तिची अवस्था होती. स्मारक करायचं ठरलं, भरपाईवरून दावे सुरू झाले, प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं, आणि डिसेंबर २०२३ मध्ये एका रात्रीत वाडा उतरवला गेला. तळाचे गाळे शेवटपर्यंत तग धरून होते. ज्या वर्गात मुली बसल्या असतील तो मजला त्याआधी कितीतरी वर्षं पावसाने खाल्ला होता.

नकाशात भट्टी

कसब्यातली तांबट आळी डोळ्यांआधी कानांना सापडते. त्वष्टा कासार मंडळी पेशवाईत कोकणातून इथे आली आणि भांडी घडवत राहिली. स्टीलने त्यांचं निम्मं काम नेलं, गीझरने बंब नेला. अलीकडे वारसा जपणाऱ्या ‘इन्टॅक’ संस्थेच्या पुणे शाखेने त्यांची डिझायनर मंडळींशी गाठ घालून दिली. मठारकाम केलेले जग, पेले, दिवे आता मोठ्या शहरांतल्या दुकानांत जातात, त्यामुळे आळीत अजून तरुण हात आहेत. मठार म्हणजे भांड्यावर हातोडीने पाडलेल्या खळ्यांच्या ओळी. बघायला सोपं वाटतं. तांब्याचा पत्रा गोल कापून भट्टीत लाल करायचा, पाण्यात टाकायचा की तो मऊ होतो, मग ठोकायचा. ठोकून तो पुन्हा ताठरतो, पुन्हा भट्टी. आकार आला की चिंचेने उजळायचा आणि लोखंडी दांड्यावर अडकवून मठारायला घ्यायचा. डाव्या हाताने भांडं केसभर फिरतं, उजवा हात त्याच जोराने, त्याच अंतराने पडतो. एक ठोका चुकला तर ओळ वाकडी होते आणि ती लपवता येत नाही. मी बघत होते तेव्हा तो तांबट माझ्याशी बोलतही होता आणि ओळ सरळ चालली होती.

तो आणि त्याचा भाऊ भट्टीच्या वरच्याच मजल्यावर राहतात. आवाज, धूर, उष्णता, सगळं घरातलंच. उजळायचं काम बायका स्वयंपाक सांभाळून करतात, म्हणून ते निभतं. त्यांच्या वाड्याचा पुनर्विकास ठरतोय. सह्या बहुतेक झाल्यात, न्यू जर्सीचं कुलमुखत्यारपत्रही आलंय. आर्किटेक्टने नकाशा आणला होता. खाली वाहनतळ, रस्त्याला एक गाळा, वर चार मजले, लिफ्ट. गाळा तांबटाच्या नावे दाखवलेला, क्षेत्र बरोबर, उंची बरोबर. त्याने नकाशा उलटसुलट फिरवून बघितला आणि विचारलं, यात भट्टी कुठाय?

आर्किटेक्ट म्हणाला, निवासी इमारतीत भट्टी दाखवता येणार नाही, शिवाय वरचे फ्लॅट विकायचेत, सकाळी आठपासून ठोके कोण ऐकून घेईल? कारखाना पिरंगुटला हलवा, गाळ्यात शोरूम करा, चांगलं चालेल. तांबट म्हणाला, पिरंगुटला गेलो तर उजळणार कोण, आणि शोरूममध्ये ठेवू काय? थोरल्या भावाला फ्लॅट हवा आहे, त्याच्या सुनेला तर हवाच आहे, आणि तिचं चुकत नाही, ती आजही संडासला चौकातून जाते. बराच वेळ तिघंही एकाच वेळी बोलत होते. शेवटी आर्किटेक्टने पेन्सिल काढली. मागच्या भिंतीशी अंतर सोडलेला पट्टा होता, तिथून धुराडं वर नेता येईल का आणि ठोकायची खोली त्या बाजूला जाड भिंतीत घेता येईल का, याचं रेखाटन झालं. यासाठी महापालिकेच्या कुठल्या खात्याची परवानगी लागेल, बांधकाम, अग्निशमन की आणखी कोणाची, हे दोघांनाही नक्की सांगता येईना. दिवाळीनंतर विचारून येतो, असं म्हणून आर्किटेक्टने नकाशाची गुंडाळी केली. तांबटाने तोवर पुढचा जग दांड्यावर चढवला होता. त्याची ऑर्डर धनत्रयोदशीच्या आधी पोहोचायची होती.